कलमांना कुंपण, हौदाला नाही

आमच्या मळ्यात मोसंबीच्या प्रत्येक कलमाभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण होतं. शेळीनं तोंड घालू नये म्हणून. घरासमोरच्या हौदाला मात्र काहीच नव्हतं, आणि त्या हौदापासून वीस पावलांवर माझा तीन वर्षांचा भाऊ दिवसभर दुडूदुडू धावत असायचा. हे आठवलं की आज या वयातही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरातली माणसं म्हणतात, आता सोडून द्या, किती वर्षं झाली त्याला. झाली असतील. वर्षं मोजून राग जात असता तर माझा कधीच गेला असता.

कोल्हारपासून कोसभरावर, पाटाच्या कडेला आमचा मळा होता. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. तरुणपणी काही वर्षं ते नगरला एका कचेरीत नोकरीला होते. तिथं छावणीतल्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी पोहायचा हौद बघितला आणि तो त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. नोकरी सोडून मळ्यात परत आले, मोसंबी लावली, चार पैसे दिसायला लागले, तसा त्यांनी ओसरीसमोर हौद बांधायला काढला. लोकांना सांगताना ते म्हणायचे, पाटाचं पाणी पाळीनं येतं, मधल्या दिवसांत बागेला पाणी कुठून आणायचं, म्हणून साठवणीला हौद. ते खोटं नव्हतं. पण साठवणीचा हौद बागेच्या वरच्या अंगाला, चढावर बांधतात. आमचा ओसरीच्या समोर होता, कारण पाहुण्यांना बसल्या जागेवरून तो दिसला पाहिजे होता.

हौद देखणा होता, हे मी नाकारत नाही. चाळीस फूट लांब, पंचवीस रुंद, दीड पुरुष खोल. काळा घडीव दगड, चुन्यात बसवलेला. एका बाजूनं तळापर्यंत रुंद पायऱ्या. काठाची फरशी अंगणाच्या अगदी पातळीला आणलेली, बोटभरही वर नाही. भरला की अंगण कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं हे लांबून कळायचं नाही, आणि नानांना त्याचंच कौतुक. पाहुण्यांना ते मुद्दाम खाली वाकून बघायला लावत. पाहुणे आले की नानांच्या बोलण्यात 'आहे' यायचं, एरवी आमच्याशी 'हाय'. त्यामुळे घरात पाहुणे आहेत की नाहीत हे मला चुलीपाशी बसूनसुद्धा समजे.

बाजाराच्या दिवशी नाना आणि त्यांचे दोन-चार स्नेही त्या हौदात डुंबत. मे महिन्यात नात्यातली मुलं यायची. त्यांच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधून नाना त्यांना पोहायला शिकवत, स्वतः पाण्यात उतरून, पोटाखाली हात धरून. मी काठावर उभी राहून सगळ्यांचे कपडे सांभाळायची. एकदा मी म्हटलं, "नाना, मला बी भोपळा बांधा की." नाना हसले. "पोरीच्या जातीनं पोहून कुठं जायचंय?" सगळी मुलं हसली. उत्तरं मला नंतर पुष्कळ सुचली, पण ऐकायला नाना राहिले नव्हते.

आता या हौदापासून लहान मुलाला जपायची आमच्या घरात काय व्यवस्था होती, ते सांगते. ती व्यवस्था म्हणजे मी.

भाऊ चालायला लागला त्या सुमारास माझी चौथी झाली होती. मास्तर स्वतः मळ्यावर येऊन म्हणाले होते, मुलगी हुशार आहे, पुढं शिकवा. नानांनी त्यांना हौद दाखवला, मोसंब्या दिल्या आणि माझं नाव शाळेतून काढलं. "पोराकडं बघायला कुनी न्हाई," आईला म्हणाले. आईच्या मागं चुलीचा, दुधाचा, मळ्यातल्या माणसांच्या भाकरीचा रगाडा. नाना बागेत. राहिले कोण? मी. दिवस उजाडला की एक वाक्य माझ्या कानावर पडायचं, "पोरावर ध्यान ठेव." एवढं म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसांची जबाबदारी संपली. अकरा वर्षांची पोर, पोहता न येणारी, एवढ्या पाण्यापाशी दिवसभर बसवून ठेवायची आणि वर झोप शांत लागायची!

तीन वर्षांच्या मुलावर ध्यान ठेवणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं ठेवलेलं नाही त्याला सांगून कळणार नाही. डोळा लवला की पोरगं दहा पावलं पुढं. मी जेवायची ती एका हातानं, दुसऱ्या हातात त्याचं झबलं. मी राखेनं अंगणात एक रेघ ओढली आणि त्याला सांगितलं, याच्या पलीकडं जायचं नाही. तो बसून ती रेघ दोन्ही हातांनी पुसायला लागला. आईनं सांगितलं, पाण्यात आसरा असतात, सात बाया, त्या लहान मुलांना ओढून नेतात. झालं, त्याला त्या बाया बघायच्या होत्या. रोज काठावर पालथा पडून हाका मारायचा, "आसरा, ये! आसरा, ये!" भीती घालून मुलं जपता येतात असं समजणाऱ्यांनी एकदा माझा भाऊ बघायला हवा होता.

आईनं नानांपाशी एकदाच विषय काढला, जेवायला वाढताना, मान खाली घालून. "हौदाला काहीतरी आडोसा करायला पायजे." नाना म्हणाले, "लढाई चालूय. तार सगळी सरकार उचलतंय. सिमेंट तर बघायला मिळंना." आई भाकरी वाढून आत गेली. पुढं लढाई संपली. कोल्हारच्या पेठेत पेढे वाटले गेले, नानांनीही वाटले. या वेळी मी बोलले. "नाना, लढाई संपली, आता तार?" नाना म्हणाले, "मोठ्यांच्या बोलन्यात तोंड घालू नगं." पेढ्याचा तुकडा माझ्या तोंडातच होता.

दिवाळी होऊन गेली होती. त्या महिन्यात पाटाची पाळी लांबली आणि हौद पार तळाला गेला. वरच्या आठ-नऊ पायऱ्या कोरड्या पडल्या. आमचे सालगडी, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते संध्याकाळी हातपाय धुवायला खाली उतरायचे, तर बोट धरून भावालाही न्यायचे. खालच्या पायरीवर बसून तो पिंपळाची पानं पाण्यात सोडायचा. आठ-दहा दिवस हा रोजचाच कार्यक्रम झाला होता. माणसाला पाय ठेवायला पायरी असते आणि खूप पायऱ्या उतरल्यावर मग पाणी येतं, हे त्यानं आपल्या इवल्या डोक्यात पक्कं धरलं.

मग एका सकाळी पाळी आली. नऊच्या सुमाराला पाटाचं पाणी मळ्यात उतरलं आणि जेवणवेळेच्या आत हौद काठोकाठ भरला. पाटाचं ताजं पाणी गढूळ असतं, आमच्या अंगणाच्या मातीच्याच रंगाचं. एकही पायरी दिसत नव्हती. नेमके त्याच वेळी संगमनेरकडचे तीन पाहुणे बाग बघायला आले. नाना खुशीत होते, कारण हौद भरलेला होता.

मी भावाला घेऊन अंगणात होते. ओसरीवरून नानांची हाक आली, "अगं, पाहुण्यांना पाणी आण."

मी म्हटलं, "नाना, हा हितं हाय, मी—"

"आण म्हटलं ना."

मी त्याला ओसरीच्या पायरीवर, त्या चार माणसांच्या पायांशी बसवलं. म्हटलं, चार मोठी माणसं आहेत, डोळ्यांसमोर पोर आहे. आत गेले. पेले विसळले, लोटी भरली, तबकात गूळ ठेवला. किती वेळ लागला असेल? तबक घेऊन दारात आले तेव्हा तो पायऱ्यांपाशी पोचला होता.

तो पडला नाही. त्याचा पाय घसरला नाही. लोकांना सांगताना नाना नेहमी 'पडला' म्हणायचे, तेही खोटं. तो उतरला. रोज उतरायचा तसा, एक पाय खाली, मग दुसरा पाय त्याच्या शेजारी. पहिल्या पायरीला पोटऱ्या भिजल्या, दुसरीला मांड्या. हातात पिंपळाचं पान होतं. तिसऱ्या पायरीला पाणी त्याच्या छातीशी आलं तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं. आणि चौथी उतरला.

मी किंचाळले. तबक हातातून पडलं. आणि ओसरीवरच्या चारी माणसांनी वळून माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं! हौद त्यांच्या समोर होता, हौदच बघायला ते आले होते, एवढा वेळ त्या पाण्याचंच कौतुक चाललं होतं आणि त्या पाण्यात एक मूल उतरून गेलं ते एकाही डोळ्याला दिसलं नाही. कारण मुलाकडं बघणं हे त्यांचं काम नव्हतं. ते माझं काम होतं, आणि मला तर पेले आणायला पाठवलं होतं.

मी धावत पायऱ्या उतरले. पाणी कमरेला, मग काखेशी, मग गळ्याशी. खाली हात फिरवत होते आणि हाताला नुसता गढूळपणा लागत होता. एकदा त्याच्या झबल्याचं टोक बोटांत आलं. ते धरायला पुढं सरले तेव्हा पायाखालची पायरी गेली. नाकातोंडात पाणी शिरलं. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की डोक्याला जोराची कळ आली. बागेत पाणी वळवायच्या दाऱ्यावरून मामा पळत आले होते आणि त्यांनी एका हातानं भावाला आणि दुसऱ्या हातानं माझी वेणी धरून दोघांना काठावर ओढलं होतं. म्हातारा माणूस, धोतरासकट उडी घातली होती.

भावाला पालथं घालून मामांनी पाणी काढलं. तो ओकला, मग रडायला लागला, मग आई धावत आली. मी फरशीवर बसून खोकत होते. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला एक थप्पड मारली. "लक्ष कुठं होतं तुझं?" म्हणाले. पाहुणे बसलेले होते ना, म्हणून मारतानासुद्धा भाषा शुद्ध.

मला पाणी आणायला कोणी पाठवलं होतं, हे त्या ओसरीवर चार माणसांना माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांनी चहा घेतला, बाग फिरून बघितली, जाताना मोसंब्यांची पिशवी नेली. संध्याकाळी नानांनी हौदाच्या काठावर आसरांना नारळ वाढवला, हात जोडले आणि म्हणाले, "देवाची कृपा." देवाच्या कृपेला मीही नाही म्हणत नाही. पण देवानं नानांना विटा आणायला मना केलं नव्हतं.

त्या रात्री भावाला ताप भरला तो दोन दिवस राहिला. तो बरा होऊन पुन्हा अंगणात धावायला लागला, तेव्हा पहिल्यांदा कुठं गेला असेल? पायऱ्यांवर. त्याला काहीसुद्धा समजलेलं नव्हतं. मला मात्र समजलं होतं की तो पुन्हा उतरणार, आणि पुढच्या वेळी मामा दाऱ्यावर असतीलच असं नाही.

तो अंगणात हिंडायला लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना सायकलवर कोल्हारला गेले. दुपारी आई भावाला घेऊन आडवी झाली, मामा गोठ्यात. मी काटे ओढायची आकडी घेतली आणि घराला लागून असलेल्या ओळीतल्या कलमांच्या बोराट्या ओढून काढायला लागले. एक, दोन, तीन, अशी अकरा कलमं उघडी केली. बोराटीचा काटा दुहेरी असतो, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ घुसतो आणि वाकडा धरून ठेवतो. माझ्या दोन्ही हातांची चाळण झाली, परकर फाटला. पण ते काटे मी अंगणातून ओढत नेले आणि पायऱ्यांच्या तोंडाशी आणि घराच्या बाजूच्या काठावर एकावर एक रचले. भाऊ उठून आला, काट्यांपाशी गेला, बोट लावलं, "आई गं" करून ओरडला आणि परत फिरला. पुन्हा गेला नाही. राखेच्या रेघेनं आणि सात आसरांनी जे दोन वर्षांत झालं नव्हतं, ते एका काट्यानं एका क्षणात केलं. मी ओसरीच्या पायरीवर बसले आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकली.

संध्याकाळी शेळ्या चरून आल्या. पुढचं सांगायला नकोच. कोवळे शेंडे, काटे नाहीत, शेळ्यांना आणखी काय हवं?

नाना दिवेलागणीला आले. आधी त्यांनी काटे बघितले, मग कलमं. मला बोलावलं नाही, स्वतः माझ्याकडं आले, वाटेत निरगुडीचा फोक मोडून घेतला. किती मारलं ते मी मोजलं नाही. आई मध्ये पडली, तिच्याही हाताला लागलं. नानांचा श्वास फुलला होता. ते म्हणाले, "पोटच्या पोरावानी जपली हुती गं ही कलमं!"

हे वाक्य मी जन्मभर विसरलेले नाही. पोटचं पोर तीन दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्यांसमोर बुडत होतं. त्याच्यासाठी एक थप्पड, तीही माझ्या गालावर, आणि एक नारळ. कलमांसाठी नाना त्या रात्री जेवले नाहीत. ओसरीवर डोक्याला हात लावून बसले होते. माझ्या वडिलांना तेवढं दुःखी मी त्याआधी कधीच बघितलं नव्हतं.

सकाळी उठून नानांनी स्वतःच्या हातांनी हौदाचे काटे उचलले आणि परत कलमांना लावले. कलमं कसली, खाऊन उरलेल्या काड्या. त्या काड्यांना अकरा कुंपणं, व्यवस्थित, आळं करून. मी ओसरीच्या खांबाला धरून बघत होते. अंग ठणकत होतं. हौद पुन्हा मोकळा झाला होता आणि भाऊ माझा हात सोडवायला बघत होता. नाना हात झटकत आले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "जा, पोरावर ध्यान ठेव."

मी म्हटलं, "न्हाई."

"काय म्हनलीस?"

"मी ध्यान ठेवनार न्हाई. आजपासनं न्हाई."

मी भावाचा हात सोडून दिला. जगात ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव होता त्याचा हात मी त्या हौदासमोर सोडून दिला होता. नानांचा हात वर गेला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिठाचे हात तसेच. तिनं भावाला उचललं, ओसरीवर नानांच्या बैठकीवर नेऊन ठेवलं, अगदी त्यांच्या पानाच्या डब्याशेजारी, आणि म्हणाली, "आजपासनं ह्यो तुमच्यापाशी. तिला मी भाकरीला घेतली." एवढं बोलून ती आत गेली. माझी आई नवऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई होती. पदर त्या वेळीही ढळलेला नव्हता.

मला आत बोलावून तिनं माझ्यापुढं शेंगांचं सूप ठेवलं. मी हौदाकडं पाठ करून शेंगा फोडायला बसले. पाठ केली खरी, पण कान कुठं फिरवता येतात? भावाच्या पायांत घुंगरांचे वाळे होते. ते वाजत होते तोवर मला श्वास घेता यायचा. थांबले की हातातली शेंग तशीच राहायची. आई पीठ मळत होती, तिचेही हात थांबायचे. आम्ही एकमेकींकडं बघत नव्हतो. दोघींनीही ठरवून टाकलं होतं, आणि दोघींनाही ते सोसत नव्हतं. वाळे पुन्हा वाजले की आई जोरात पीठ तिंबायला लागायची.

नानांची पहिली घटका बरी गेली. मग त्यांना पान जुळवायचं होतं. पान जुळवून मान वर करेपर्यंत पोरगं अंगणात. त्याला आणून बसवलं. वर्तमानपत्र उघडलं, पोरगं पायरीवर. मळ्यात माणसं खोळंबली होती, कुणी विचारायला आलं की नाना त्याच्याशी बोलणार की पोराकडं बघणार? दुपारपर्यंत ते तीनदा अनवाणी धावले. मला आतून त्यांच्या पावलांचे आवाज ऐकू येत होते. दोन वर्षं तशीच पावलं माझी वाजत होती, ती त्यांना कधी ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं उपरणं भावाच्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक ओसरीच्या खांबाला. पोरगं गळा काढून रडायला लागलं. त्यातच शेजारच्या मळ्याचे बागाइतदार आले, दारात थबकले आणि म्हणाले, "काय वो नाना, वासरू बांधल्यावानी पोराला बांधलं?"

नाना काहीतरी पुटपुटले. पाहुण्यासमोर ते 'आहे' म्हणाले की 'हाय', ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा मी दाराच्या फटीतून बघितला. मला त्या चेहऱ्याची दया आली असं म्हणणं शोभून दिसेल, पण आली नाही. मला आनंद झाला. अजूनही होतो.

तिसऱ्या दिवशी मामा गाडी जुंपून भट्टीवर गेले आणि दुपारपर्यंत विटा आल्या. चुना आला, वाळू नदीतून आली. तार लागली नाही, सिमेंट लागलं नाही, सरकारला विचारावं लागलं नाही. दोन वर्षांचं अडलेलं काम एका दुपारी मार्गाला लागलं! यात इतकी वर्षं नव्हतं काय? विटा होत्या, चुना होता, गवंडी कोल्हारातच होता. नव्हता तो फक्त नानांना स्वतःला झालेला त्रास.

कोल्हारचा गवंडी आला. हौद त्यानंच बांधला होता, आणि बांधतानाच कठडा घालू का म्हणून विचारलं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं. पाच वेळा नमाज पढणारा, कमी बोलणारा, पांढऱ्या दाढीचा माणूस. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्यानं काठावरून एक फेरी मारली, पायऱ्यांच्या तोंडाशी फाटकासाठी जागा आखली आणि नानांना विचारलं, "उंच किती घ्यायचा?"

"कंबरभर कशाला, मांडीभर पुरे," नाना म्हणाले. "वसरीवरनं पानी दिसलं पायजे."

"घरात पोरं किती?"

"एकच. त्यो काय, तीन वर्साचा."

मी तिथंच होते. विटा हातोहात देत होते. हातांवरच्या काट्यांच्या खपल्या अजून निघाल्या नव्हत्या. चाचानं माझ्याकडं बोट केलं. "आन ही?"

"ही? ही मोठी हाय," नाना म्हणाले. "ही ध्यान ठेवती."

चाचानं खिशातून सुताची दोरी काढली, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बेटी, सरळ उभी राहा." मी हातातली वीट खाली ठेवून उभी राहिले. त्यानं दोरीचं एक टोक माझ्या टाचेशी पायाखाली दाबलं, दुसरं वर नेलं, कंबरेच्या वर, छातीच्या वर, आणि खांद्याशी धरून तिथं गाठ मारली. मग ती दोरी काठावरच्या खुंटीला टांगली.

"अरं, येवढा उंच?" नाना ओरडले. "कुनासाठी?"

चाचानं थापी उचलली, चुना घेतला, पहिली वीट बसवली.

"पोरं दोन हायत, नाना," तो म्हणाला.